‘फार स्थानिक आहे’ म्हणून परत आलेली कथा

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. वय २७. बी.ए. झालो, आता घरची सात एकर पाहतो. संध्याकाळी गावच्या वाचनालयात आम्ही पाचसहा जण बसतो. बाकीचे स्पर्धा परीक्षेचं वाचतात, मी कथा-कादंबऱ्या. गेल्या वर्षी एक कथा लिहिली. बाप कापूस विकत नाही, भाव येईल म्हणून घरातच भरून ठेवतो. संक्रांतीला लेक तान्ह्या पोराला घेऊन माहेरी येते, तर तिला निजायला जागा नाही, अशी ती कथा. एका दिवाळी अंकाला पाठवली. परत आली. सोबत दोन ओळी होत्या: ‘कथा चांगली आहे, पण फार स्थानिक वाटते. वैश्विक आशय हवा होता.’

मी ती पुन्हा लिहिली. गावाचं नाव काढलं, वऱ्हाडी काढून प्रमाण भाषा केली, शेवटी थोडं चिंतन टाकलं. आता मलाच ती वाचवत नाही. दोन्ही खर्डे सोबत पाठवतो आहे. वैश्विक आशय म्हणजे नेमकं काय? दुसऱ्याच्या लिखाणात तो ओळखायचा कसा, आणि आपल्या लिखाणात आणायचा कसा? वाचनालयातली पोरंही विचारतात. मला सांगता येत नाही.

एक वाचक, ता. दारव्हा

भाऊ,

तू ताई म्हटलंस आणि माझं वय तुझ्या मावशीएवढं आहे, म्हणून सरळ अरे-तुरेवर येते. दोन्ही खर्डे वाचले. पहिला दोनदा वाचला. दुसरा एकदाच, आणि तोही मध्ये उठून गॅसवरचं दूध बघून आले.

दुसऱ्या खर्ड्याचं आधी सांगते, म्हणजे तो विषय मिटेल. ‘वावर’ गेलं आणि ‘शेत’ आलं. ‘सपरी’चा ‘व्हरांडा’ झाला, ‘पऱ्हाटी’ची ‘कापसाची झाडं’ झाली. गाव ‘एक गाव’ झालं, बाप ‘तो’ झाला. पहिल्या खर्ड्यात लेक दारात उभी राहून विचारते, ‘बाबा, मी निजू कुठं? कापसात निजू काय मंग?’ दुसऱ्यात तू लिहिलंस, ‘तिने वडिलांना झोपण्याच्या व्यवस्थेबद्दल विचारले.’ अरे, ती काय लॉजवर आली आहे? आणि शेवटचं वाक्य: ‘मानवी जीवन म्हणजे एक अखंड प्रतीक्षाच आहे.’ हे वाक्य तू कथेखाली लावलंस ना, तेच कुठल्याही कथेखाली लावून बघ. बसतं. एसटी चुकलेल्या माणसाच्या कथेखालीसुद्धा बसतं. जे कुठेही बसतं त्याला तू वैश्विक समजलास, आणि इथेच तुझी वाट चुकली.

यात तुझा एकट्याचा दोष नाही. शाळेत आपल्याला ‘कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा’ असा प्रश्न यायचा आणि गाईडात त्याचं उत्तर तयार असायचं. ‘या कवितेतून कवीने निसर्गप्रेमाचा संदेश दिला आहे.’ मार्क मिळायचे. त्यामुळे आशय म्हणजे संदेश, आणि संदेश म्हणजे शेवटी येणारं एक मोठं वाक्य, हे डोक्यात पक्कं बसलं. मी स्वतः कितीतरी वर्षं मुलांना तसंच शिकवलं, कबूल करते.

विषय आणि आशय यांतली गल्लत आधी सोडवू. पोरांना सांगताना जमीन घे, कारण जमीन त्यांना कळते. टॉलस्टॉयची एक गोष्ट आहे, १८८६ सालची, माणसाला किती जमीन लागते असं विचारणारी. पाखोम नावाच्या शेतकऱ्याला सांगितलं जातं की हजार रुबल दे, आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत जेवढ्या जमिनीला पायी फेरा घालशील तेवढी तुझी. फक्त मावळायच्या आत निघालास तिथे परत ये. तो हावेपायी लांब जातो, परत पोचतो आणि तिथेच मरतो. शेवटी त्याला पुरायला लागते तेवढी, डोक्यापासून टाचेपर्यंतची जमीन. आता दुसरी गोष्ट घे, शेक्सपिअरच्या लिअर राजाची. तो जमीन गोळा करत नाही, वाटतो. जिवंतपणीच लेकींना राज्य देऊन टाकतो आणि मग त्याच लेकी त्याला दारात उभं करत नाहीत. दोन्हींचा विषय जमीन. एकीत माणूस धरून मेला, दुसरीत सोडून उघडा पडला. एकाच विषयातून उलट्या दिशेचे दोन आशय निघाले.

तुमच्या गावात दोन्ही माणसं असतील. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलत नाही तो एक, आणि सातबारा पोरांच्या नावे करून आता सपरीतल्या खाटेवर चहाची वाट पाहत बसलेला दुसरा. पोरांना टॉलस्टॉय आणि शेक्सपिअर माहीत नसले तरी ही दोन माणसं माहीत आहेत. तिथूनच सुरुवात कर.

म्हणजे ‘शेतकऱ्याची व्यथा’ हा आशय नाही. ‘आईचं प्रेम’, ‘दुष्काळ’, ‘एकटेपणा’ हेही नाहीत. ही नुसती नावं झाली, फायलीवरच्या चिठ्ठीसारखी. आशय पूर्ण वाक्यात येतो आणि त्या वाक्यात काहीतरी एकमेकांशी अडलेलं असतं. माणसाला एक हवं असतं आणि त्यासाठी दुसरं द्यावं लागतं, किंवा जे वाचवायला तो धडपडतो तेच त्याच्या धडपडीने मोडतं. असं अडलेलं काही सापडलं नाही तर समज की अजून विषयाशीच घोटाळतो आहेस.

आता ओळखायचं कसं, त्यासाठी एकच गोष्ट सावकाश वाचू. चेकॉव्हची कथा आहे, तीही १८८६ चीच. पीटर्सबर्ग शहर, संध्याकाळ, बर्फ पडतं आहे. एक म्हातारा स्लेजवाला आपल्या घोडीच्या गाडीवर वाकून बसला आहे. गाडीवाल्याच्या आणि घोडीच्या अंगावर बर्फ साचलंय, तरी दोघं हलत नाहीत. त्याचा तरुण मुलगा त्याच आठवड्यात वारलाय. तो एका लष्करी अधिकाऱ्याला गाडीत घेतो, मागे वळून सांगायला जातो की माझा मुलगा गेला. अधिकारी एखादा प्रश्न विचारतो आणि मग डोळे मिटून घेतो. नंतर तीन टवाळ पोरं बसतात. ती शिव्या देतात, मानेवर फटके मारतात. त्यांना सांगायला जातो, तर उत्तर येतं की सगळेच मरणार आहेत, तू गाडी हाक. त्याला सगळं क्रमाने सांगायचं आहे. पोरगा आजारी कसा पडला, मरताना काय म्हणाला, त्याचे कपडे आणायला दवाखान्यात गेलो तेव्हा काय झालं. कोणी ऐकत नाही. रात्री तो तबेल्यात जातो. दिवसभरात दाण्यापुरतीही कमाई झालेली नाही, घोडी वाळलं गवत चघळते आहे. मग तो तिलाच सांगायला लागतो. समज, तुझं शिंगरू असतं आणि ते अचानक गेलं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं की नाही? घोडी चघळते, ऐकते, त्याच्या हातावर श्वास सोडते. आणि तो सगळं सांगतो.

पोरांना विचार, ही गोष्ट कशाची? पहिलं उत्तर येईल, पुत्रशोकाची. बरोबर, पण तो विषय झाला. मग म्हणावं, गावाचं नाव, धंदा, देश सगळं बाजूला ठेवून एका वाक्यात सांग, आणि वाक्य ‘एक माणूस’पासून सुरू कर. कोणी म्हणेल, ‘एका माणसाला आपलं दुःख सांगायचं असतं आणि ऐकायला कोणी भेटत नाही.’ इथे गाडी हलली. आता त्या वाक्यात अडलेलं काय ते विचार. भोवती शहर भरून माणसं आहेत, त्याच्या पाठीशी अगदी वीतभर अंतरावर माणसं बसतात, तरी नाही. आणि जे शेवटी ऐकतं त्याला बोलता येत नाही. मग अजून एक गोष्ट बघायला लाव: सुरुवातीला घोडी कुठे होती आणि शेवटी कुठे आहे. पहिल्या परिच्छेदात ती गाडीला जुंपलेलं जनावर आहे. शेवटच्यात त्याचं ऐकून घेणारं एकमेव माणूस. कथेत जी वस्तू किंवा जो प्राणी आत येतो एक होऊन आणि बाहेर पडतो दुसरा होऊन, त्याच्या मागे लागलं की आशय बहुतेक वेळा सापडतो. गाईडात हे नसतं, कारण याला वेळ लागतो.

पाचसहा जणांची पाचसहा वाक्यं निघतील. निघू दे. एखादा म्हणेल ही गोष्ट दुःखाची नाहीच, गरिबीची आहे, त्याच्याकडे पैसे असते तर तो त्या दिवशी कामावर आलाच नसता. त्यालाही खोडू नकोस, फक्त विचार की कथेत हे कुठे दिसलं. तो त्या दाण्याच्या ओळीवर बोट ठेवेल. ठेवलं म्हणजे त्याचं वाक्य खरं. बोट ठेवता आलं नाही तर ते त्याचं मत, कथेचं नव्हे.

आणि यानंतर त्यांना पोळ्याच्या आदल्या दिवसाची आठवण दे. खांदेमळणी होते. वर्षभर जूं वाहून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात, त्यांवर लोणी-हळद चोळतात आणि त्याला म्हणतात, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ अहो-जाहो करून. जे जनावर आपल्या हाताने राबवलं, ज्याच्या पाठीवर बैल हाकायची तुतारी टोचली, त्याला एक दिवस पाहुण्यासारखं आमंत्रण, आणि पोळा उलटला की पुन्हा जूं. या एका वाक्यात माया किती, उपकाराची जाणीव किती, आणि स्वतःची टोचणी शांत करणं किती? मला आजवर नक्की सांगता आलेलं नाही. पण पीटर्सबर्गच्या त्या तबेल्यापासून तुमच्या कोठ्यापर्यंतचं अंतर पोरांना तेव्हा आपोआप कळेल. त्या गाडीवाल्यापर्यंत पोचायला आपल्याला कोणी बर्फ काढून दाखवावं लागलं नाही. दारव्ह्यात बर्फ कोणी पाहिलाय? उलट त्याच्या खांद्यावरच्या त्या न झटकलेल्या बर्फामुळेच तो आपला झाला. बर्फ झटकायचंही ज्याला भान नाही तो माणूस आपण ओळखतो. आपल्याकडे तो उन्हात छत्री मिटलेलीच धरून चालतो, एवढाच फरक.

म्हणून तू वावर, सपरी, पऱ्हाटी काढून टाकलीस ते चूक झालं. तुझ्याच बाजूच्या जिल्ह्यातलं उदाहरण देते. उद्धव शेळक्यांची ‘धग’ १९६० साली आली. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचा नवरा, पोरं, आणि संसार उभा ठेवायला चाललेली तिची एकटीची ओढाताण. त्यातली माणसं वऱ्हाडी बोलतात, भरभरून बोलतात. ती कादंबरी पुण्या-मुंबईच्या वाचकाने वाचली, शब्द अडले तरी वाचली, आणि आज साठ वर्षांवर झाली तरी लोक कौतिकचं नाव काढतात. तिला कोणी ‘व्यवस्थेबद्दल विचारायला’ लावलं असतं तर ती टिकली असती का?

मात्र त्या संपादकाची बाजूही घेते, कारण तुझा पहिला खर्डा निर्दोष नाही. त्याला दुखणं बरोबर कळलं, औषध चुकलं. तुझ्या कथेची पहिली दोन पानं म्हणजे कापूस बाजाराचा अहवाल आहे. ओलावा किती टक्के चालतो, ग्रेडर काय म्हणाला, खेडा खरेदीवाल्याने काटा कसा मारला, हमीभाव किती, गाठीचे दर किती. हे सगळं खरं असेल, पण त्या दोन पानांत एकही माणूस हललेला नाही. स्थानिक तपशील माहिती म्हणून आला की परक्याला तो परकाच वाटतो. तोच तपशील माणसाच्या अंगाला लागून आला की आपला वाटतो. ‘कापसाने खाज सुटते’ ही माहिती. लेक रात्रभर स्वतःची मान खाजवत बसते आणि झोपेत पोराचा हात गालाकडे जाऊ नये म्हणून तो मुठीत धरून ठेवते, हे तू तिसऱ्या पानावर लिहिलंयस, आणि ते वाचताना माझा हात माझ्या मानेकडे गेला. मी गेल्या ४० वर्षांत कापसाच्या खोलीत निजलेले नाही.

माझीच एक फजिती सांगते. फार पूर्वी मी ‘एकाकी’ नावाची कथा लिहिली होती. म्हातारी, रिकामं घर, घड्याळाची टिकटिक, मावळतीचे रंग. एका गावात बचत गटाच्या बायांसमोर वाचली. सगळ्या शांत बसून ऐकत होत्या, मला वाटलं रंगली. संपल्यावर एक बाई म्हणाली, ‘मॅडम, पण थे म्हातारी दिवसभर करे काय?’ मला सांगता येईना. मी तिला खिडकीत बसवून ठेवलं होतं. खेड्यातली कुठली म्हातारी दिवसभर खिडकीत बसते? ती तुरी निवडेल, वाती वळेल, दुसऱ्याच्या पोराला रागावेल. ती बाई पुढे म्हणाली, ‘आमची आत्याबाई दोन कप चहा मांडे, मामाजी जाऊन चार वर्सं झाले तरी.’ माझ्या पाच पानांत जे नव्हतं ते तिच्या एका वाक्यात होतं. ती कथा मी कुठेच छापायला दिली नाही. दोन कपांची गोष्ट मात्र तिची होती, म्हणून ती लिहायचं धाडस अजून झालेलं नाही.

आता आशय आणायचा कसा, या तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. त्याचं उत्तर आपल्या वऱ्हाडातच सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. महानुभाव पंथाचा ‘दृष्टांतपाठ’ हा ग्रंथ आहे, केशिराजबासांनी सिद्ध केलेला. त्याची रचना तीन भागांची. आधी सूत्र, म्हणजे चक्रधरस्वामींचं वचन. मग दृष्टांत, म्हणजे ते समजावायला सांगितलेली छोटी गोष्ट. आणि मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्या गोष्टीचा अर्थ इथे कसा लावायचा ते. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केशिराजांनी जोडलेलं. धर्मग्रंथाला तिन्ही लागतात. पण लोकांच्या तोंडी राहिला तो मधला भाग. आंधळ्यांनी हत्ती चाचपडल्याची गोष्ट सगळ्यांना येते, तिचं दार्ष्टांतिक म्हणून दाखव म्हटलं तर किती जणांना येईल?

कथाकाराने सूत्र स्वतःजवळ ठेवावं, वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावं हवं तर, आणि लिहावा फक्त दृष्टांत. दार्ष्टांतिक वाचक करतो. तू दुसऱ्या खर्ड्यात शेवटी जे चिंतन लावलंस ते दार्ष्टांतिक होतं, आणि तेही दुसऱ्याच कुठल्या दृष्टांताचं.

कारण तुझ्या कथेचं सूत्र प्रतीक्षा नाहीच, माझ्या मते. पहिला खर्डा पुन्हा काढ. बाप भाव येण्याची वाट पाहतो, ते खरं. पण त्या वाट पाहण्याची किंमत कोण देतं ते बघ. खोली लेकीची गेली. खाज लेकीला आणि नातवाला. आईने डब्यातले पैसे काढून किराणा आणला. आणि एक ओळ तू जाता जाता लिहून गेलास, बहुतेक तुझ्या लक्षातही आली नसेल: ‘वेचणाऱ्या बायांचे पैसे द्यायचे राहिले होते.’ किलोवर मजुरी घेणाऱ्या बाया त्या. बाप स्वतःच्या मर्जीने थांबलाय, त्यांना त्याने थांबवून ठेवलंय. आशा एकाची आणि तिचं भाडं भरणारे दुसरेच, असं काहीसं मला तुझ्या कथेत दिसतं. हे गावाबाहेर जातं की नाही सांग. पोराला परदेशी पाठवायचं म्हणून घर गहाण टाकणारा शहरातला बाप, देश मोठा करायचा म्हणून गावं उठवणारा कोणी, सगळे याच ओळीत येऊन बसतात. तरी हे वाक्य कथेत लिहू नकोस. मी लिहिलं तेवढं पुरे.

जाता जाता थोडं कडू बोलते. ‘वैश्विक’ हा शब्द पुष्कळदा ‘आमच्यासारखं’ या अर्थाने वापरला जातो. फ्लॅटमधल्या नवरा-बायकोचा अबोला वैश्विक, आणि वेचणारीची अडकलेली मजुरी स्थानिक. असं का, ते विचारायची सवय ठेव, विशेषतः त्या बायांकडे बघताना. तुझ्या कथेत त्यांना एकच ओळ मिळाली आहे. सगळ्यांचं दुःख सारखंच म्हणत आपण ज्यांचं जास्त आहे त्यांना गप्प करतो. एकजणी तरी दारात येऊन उभी राहू दे, पैसे मागायला. तिचंही पोर काखेत असेल.

आता ज्या एका जागेसाठी मी हे एवढं लांबण लावलं, तिथे येते. पहिल्या खर्ड्याच्या चौथ्या पानावर बाप रात्री उठतो. कापूस थोडा ओलसर असताना भरलाय, आतून तापला तर पिवळा पडेल आणि भाव उतरेल, ही त्याला धास्ती. तो अंधारात खोलीत येतो, ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो, आणि आत ऊब आहे का ते चाचपडतो. त्याच ढिगाच्या कडेला लेक पोराला घेऊन निजली आहे. आणि त्याच पानाच्या सुरुवातीला, संध्याकाळी, लेक आईला म्हणालेली असते, ‘माय, पोराचं आंग तपून राह्यलं वं.’

भाऊ, हे तू दोन ओळींत उरकलंस! आणि मग लगेच सांगून टाकलंस की ‘त्याला कापसाचीच काळजी जास्त होती.’ ते वाक्य खोड. बापाला त्या खोलीत उभं कर आणि अजिबात घाई करू नकोस. अंधार किती आहे, कापसाचा वास कसा येतो, ढिगात हात घालताना काही आवाज येतो का, हे तुला ठाऊक आहे, मला नाही. त्याचा हात कापसात जातो. तो ताप शोधतो. मग त्या हाताचं काय होतं ते तू ठरव. तो बाहेर येऊन पोराच्या कपाळाकडे जातो, की धोतराला पुसून परत खाटेवर? किंवा जातो, पण कापसात एवढा वेळ ऊब घेऊन आलेल्या हाताला पोराचा ताप कळतच नाही? मला हे तिसरं घडलेलं आवडेल, पण कथा तुझी आहे. बापाला वाईट मात्र ठरवू नकोस. दिवाळीच्या आधी सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, करून पहिला वेचा केला त्या दिवशी त्याने लेकीसाठी साडी मनात धरली होती, असं तूच दुसऱ्या पानावर लिहिलंयस. दरांच्या गर्दीत ते दडपलंय, ते वर आण. माया असलेल्या माणसाच्या हातून हे होतं, म्हणून तर वाचवत नाही.

बाकी कामं छोटी आहेत. पहिली दोन पानं अर्ध्या पानावर आण, हमीभावाचा आकडा काढलास तरी चालेल. संवाद वऱ्हाडीतच ठेव. निवेदन तुझ्या सहज भाषेत असू दे, वऱ्हाडी शब्दाला कंसात अर्थ देत बसू नकोस. ‘पऱ्हाटी’ तिसऱ्यांदा आली की नाशिकच्या वाचकालाही कळते. गावाचं नाव परत घाल. वाचनालयात एकदा मोठ्याने वाचून दाखव, आणि पोरं मान डोलावतील तिकडे लक्ष न देता एखादा मोबाइलकडे बघायला लागतो ती जागा पेन्सिलीने खूण कर. कथा कुठल्या अंकाला पाठवायची ते नंतर बघू.

एक विचारायचं राहिलं. लेक चौथ्या दिवशी सासरी परत जाते आणि तुझी कथा एसटीच्या धुळीवर थांबते. पण ती तीन रात्री त्या ढिगावर निजली, म्हणजे कापसात तिच्या अंगाचा आणि शेजारी पोराचा, लहानसा, असा खड्डा राहिला असेल. तो कोणी सारखा केला?